फुलांच्या दुकानातली चित्रं

लोणावळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं दुकान आहे. त्याला दुकान म्हणायचं की गॅलरी, यावर तिचं आणि तिच्या नवऱ्याचं अजून एकमत झालेलं नाही. पुढच्या बाजूला बादल्यांमध्ये गुलाब, जरबेरा, निशिगंध. आतल्या खोलीत भिंतीवर चित्रं, तीही आजच्या, हयात चित्रकारांची. बरेचजण फुलं घेऊन बाहेरच्या बाहेर जातात. एखादा बंगलेवाला आत डोकावतो, "हे हाताने काढलंय का?" असं विचारतो आणि पुन्हा फुलांकडे वळतो. फुलं रोज खपतात. चित्र महिन्यात एखादं गेलं तर गेलं, आणि पावसाळ्यात तेही नाही.

गेल्या श्रावणात पूजेची फुलं घ्यायला गेले, तेव्हा ती जरा हिरमुसलेली दिसली. मला स्टूल दिलं, चहा सांगितला आणि म्हणाली, "बाई, आतली खोली रिकामी करून तिथे फुलांसाठी कोल्ड रूम करावी असं ह्यांचं म्हणणं आहे. हिशोब बघितला तर त्यांचं बरोबरच आहे. तुम्ही आम्हाला इतिहास शिकवायचात ना, मग सांगा, चित्रं विकून कुणाचं घर चाललंय का कधी?"

एकतीस वर्षं मी फळ्यापुढे उभी राहिले, पण या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही. "विचार करून सांगते" म्हटलं आणि रिक्षा केली. मग दोनेक महिने जमेल तसं वाचत बसले. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे. आमच्या नाशिकच्या नणंदबाई म्हणतील, "वहिनी, पुन्हा वर्ग घेतलात!" घेतला तर घेतला.

आधी एक सांगायला हवं. फुलं आणि चित्रं एका छपराखाली ठेवणं वाटतं तितकं सोपं नाही, हे मला तिच्याकडे बसूनच कळलं. फुलाला गारवा आणि ओलावा लागतो. देठ तिरका कापायचा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची, बादलीतलं पाणी रोज बदलायचं. कागदावरच्या चित्राला नेमकं उलट, कोरडी हवा हवी. आणि लोणावळ्यात आषाढ-श्रावणात कोरडी हवा आणायची कुठून? इथे कपाटातल्या चपलांवरही बुरशी येते! तिने चित्रं फक्त आतल्या भिंतीवर लावली आहेत, कारण बाहेरच्या भिंतीला ओल येते. प्रत्येक फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवलेत, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यामध्ये वारा खेळतो. काच कागदाला टेकू नये म्हणून मध्ये जाड माउंट. दोन धंद्यांच्या मध्ये एक दार, ते सदा लोटलेलं. म्हणजे संसार एका घरात आणि चुली वेगळ्या, तसंच.

फुलांची बाजू आता मावळात सगळ्यांना माहीत आहे. मी या भागात आले तेव्हा इथे भात आणि भातच. पवन मावळात आणि तळेगावच्या बाजूला पॉलिहाऊस उभे राहिले ते पुष्कळ नंतर. तळेगावजवळ एमआयडीसीने फुलशेतीसाठी वेगळा पार्क केला. आता डिसेंबरच्या मध्याला गुलाबाची छाटणी आणि फांद्यांची वाकवणी करतात, म्हणजे जानेवारीच्या अखेरीपासून परदेशी जाणारी लाल फुलं हाताशी येतात. आपल्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू चाललेलं असतं आणि इथले शेतकरी फेब्रुवारीच्या १४ तारखेचे दिवस मोजत असतात. 'टॉप सिक्रेट' नावाची लाल जात त्यासाठी लावतात. कळी मिटलेली असतानाच काढायची, देठाच्या लांबीप्रमाणे निवड करायची, वीस-वीसच्या जुड्या बांधून शीतगृहात ठेवायच्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि हीच फुलं तोडून फेकून द्यावी लागली. झाडावर ठेवली तर झाड खराब होतं, आणि तोडायची तर मजुरी अंगावर. तेव्हा फुलांचा धंदा म्हणजे हमखास पैसा, असं तिच्या नवऱ्याने समजू नये. (हे मी त्याला सांगितलेलं नाही. जावयासारखा आहे, उगाच कशाला.)

आता चित्रांकडे येते.

पुण्याहून लोकलने लोणावळ्याकडे निघालं की कामशेतनंतर मळवली लागतं. कार्ल्याला आणि भाज्याला जाणारे तिथे उतरतात. याच मळवलीत एकेकाळी राजा रविवर्म्याचा छापखाना होता. सव्वाशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानभरच्या घरांत ज्या लक्ष्मी-सरस्वती गेल्या, त्यातल्या कितीतरी आपल्या या मावळातून गेल्या.

रविवर्मा केरळातल्या किळिमानूरचा, जन्म १८४८ चा. तैलचित्रांत नाव मिळवलं, १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात बक्षीस मिळवलं, सयाजीराव गायकवाडांसाठी बडोद्याला पौराणिक चित्रं केली. राजेरजवाडे मागणी करायचे आणि चित्रं त्यांच्या दिवाणखान्यात जायची. सामान्य माणसाला ती दिसणार कशी? पूर्वी बडोद्याचे दिवाण असलेले सर टी. माधवराव यांनी त्याला सुचवलं होतं की, एवढ्या मागण्या एकट्याच्या हाताने पुऱ्या होणार नाहीत, चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात. ते मनात राहिलं असावं. १८९४ साली रविवर्मा आणि त्याचा धाकटा भाऊ राजा राजा वर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, कारागीरही तिकडचे, भांडवलाला गोवर्धनदास मखनजी हे भागीदार. पहिलं चित्र छापलं ते शकुंतलेच्या जन्माचं.

ही छपाई कशी होत असेल याची मला फार उत्सुकता होती. आपल्याला वाटतं, मूळ चित्राचा फोटो काढला आणि छापला. तसं नव्हतं. बव्हेरियातला एक खास चुनखडीचा दगड असतो, गुळगुळीत घासलेला. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं, तेही आरशात दिसतं तसं उलटं. मग दगड ओला करायचा. तेलकट रेघ पाणी घेत नाही आणि ओला दगड शाई घेत नाही, एवढ्या एका साध्या गोष्टीवर सगळा खेळ. आणि हे एका रंगापुरतं झालं! प्रत्येक रंगाला वेगळा दगड. साडीचा लाल एका दगडावर, अंगाचा गव्हाळ दुसऱ्यावर, कमळाचा गुलाबी तिसऱ्यावर. तोच कागद पुन्हा पुन्हा नेमक्या जागी बसवून छापायचा. केसभर सरकला तर लक्ष्मीचं कुंकू भुवईवर! शेवटी वरून व्हार्निश द्यायचं, म्हणजे तैलचित्रासारखी चकाकी येते. म्हणून या चित्रांना ओलिओग्राफ म्हणत. हे सगळं वाचल्यावर 'छापील चित्र' हा शब्द मी पूर्वी ज्या सुरात उच्चारत असे, त्याची मला लाज वाटली.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसं शहर सोडून पळाली, कारागीर मिळेनासे झाले. छापखाना आधी घाटकोपरला आणि १८९९ साली मळवलीला आला. रेल्वेच्या कडेला, मुंबईपासून दूर, पण घाट चढून आलं की पोहोचता येईल असा. पण तोवर डोक्यावर कर्ज झालं होतं. भागीदारी टिकली नाही. ज्याची चित्रं घराघरात पूजेला लागली होती, त्या माणसाला स्वतःचा छापखाना चालवता आला नाही. १९०१ साली तो त्याने आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर याला विकला, चित्रं छापण्याच्या हक्कासकट. पाच वर्षांनी, १९०६ साली, रविवर्मा गेला.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं आणि ते काही सुखाचं नव्हतं. पण खरी गोष्ट पुढे आहे. श्लायशरने छापखाना चालवून दाखवला. कसा? देवादिकांची चित्रं छापत राहिलाच, पण जोडीला मालावर लावायची लेबलं आणि जाहिराती छापू लागला. नवी चित्रं करायला दुसरे चित्रकार घेतले. त्यांची चित्रं रविवर्म्याच्या तोडीची नव्हती, असं जाणकार म्हणतात. असेल. पण लेबलांच्या पैशावर लक्ष्मी छापली जात राहिली, ती त्याच्या मागून आलेल्यांच्या हातूनही, थेट १९७२ पर्यंत. त्या वर्षी छापखान्याला मोठी आग लागली आणि सगळं जळालं.

दादासाहेब फाळक्यांचा धागाही याच गावांत गुंतलेला आहे. सिनेमाच्या आधी ते छपाईच्या धंद्यात होते. रविवर्मा प्रेससाठी त्यांनी काम केलं, मग लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढला, तो पुढे दादरला गेला. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ साली, पैसे घालणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून त्यांनी एक इवलासा चित्रपट केला होता. कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर कॅमेरा रोखून त्याची वाढ टिपली. कुंडीतलं रोप दाखवून त्यांनी कलेसाठी भांडवल उभं केलं! हे मी तिला फोनवर सांगितलं, तेव्हा ती पुष्कळ दिवसांनी मोकळी हसली.

आता जे लिहायचं आहे ते जरा जड जातं आहे.

मी पुण्याची. लग्न होऊन मावळात आले ती १९७३ साली, म्हणजे आगीच्या दुसऱ्या वर्षी. नोकरीसाठी रोज गाडीने मळवली ओलांडून जायची. इतकी वर्षं त्या स्टेशनावर गाडी थांबली आणि सुटली, पण खिडकीतून बाहेर बघून कुणाला काही विचारलं नाही. वर्गात मावळ म्हणजे मावळे, बारा मावळं, लोहगड, विसापूर. ते शिकवायलाच हवं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण या छापखान्याचं नावही मी एकाही वर्गात काढलं नाही, कारण मलाच ते माहीत नव्हतं. पाठ्यपुस्तकात नव्हतं, असं म्हणून सुटता येईल. पण शिक्षकाने असं सुटू नये.

आणि माहीत नव्हतं असं तरी कसं म्हणू? आमच्या सासरच्या घरात मधल्या खोलीत लक्ष्मीचं एक मोठं चित्र होतं. पाण्यात उमललेल्या कमळावर उभी, दोन हातांत कमळं, बाजूला सोंडेत हार धरलेला हत्ती. सासूबाईंच्या सासूबाईंच्या वेळचं. कुणीतरी त्या लक्ष्मीच्या साडीच्या काठावर खरी जर शिवली होती, मुकुटावर आणि कंबरपट्ट्यावर टिकल्या लावल्या होत्या. त्या काळी बायका असं करायच्या. कागदाला सुईने टोचून, धागा उलट बाजूला गाठवून. छापून आलेलं चित्र असं आपल्या हाताने आपलं करून घ्यायचं. सासूबाई रोज सकाळी परसातलं एक फूल त्या फ्रेमच्या वरच्या कडेला खोचायच्या. जास्वंद, कण्हेर, काहीच नसलं तर सदाफुली. चित्राच्या खालच्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरं होती आणि त्यात लोणावळ्याचं नाव होतं, एवढं मला पक्कं आठवतं. मला वाटायचं, लोणावळ्याच्या कुठल्या दुकानातून आणलं असेल, त्याचा पत्ता आहे.

मी डी.एड. होते. लग्नानंतर बहिःस्थ परीक्षा देऊन १९७९ साली मराठी आणि इतिहास घेऊन बी.ए. झाले. परीक्षेच्या दिवसांत स्वयंपाकघर सासूबाईंनी सांभाळलं आणि त्या चित्राला पेढे बोलले होते, ते निकालाच्या दिवशी ठेवले. त्या १९८८ साली गेल्या. पुढच्या दिवाळीत घराला रंग काढला, तेव्हा ते चित्र खाली उतरवलं. कागद पिवळा पडलेला, कडेला कसर लागलेली, जर काळी झालेली. फ्रेम मात्र सागवानी, शाबूत. मी चित्र काढलं आणि त्या फ्रेममध्ये माझं बी.ए.चं प्रमाणपत्र बसवलं. देवाचं चित्र कचऱ्यात टाकवेना, म्हणून इंद्रायणीत सोडून आले. जिथे छापलं गेलं तिथून फार तर तास-दीड तास चालत अंतरावर.

कुणी रागावलं नाही. उलट 'चांगलं केलंस, प्रमाणपत्र शोभून दिसतं' असंच सगळे म्हणाले. शाळेत चित्रकलेचे एक शिक्षक होते, ते अशा चित्रांना 'कॅलेंडर' म्हणून नाक मुरडायचे. मोठमोठ्या विद्वानांनीही रविवर्म्याला नावं ठेवलेली आहेत, आनंद कुमारस्वामींनी तर फारच. मला मात्र आता वाटतं की, ज्या घरात दुसरं एकही चित्र कधी आलं नाही, त्या घरात हे एक आलं आणि तीन पिढ्यांच्या बायकांनी त्याच्याकडे रोज मान वर करून बघितलं. गॅलरी म्हणजे आणखी काय असतं? आणि फुलाशिवाय ती एक दिवस राहिली नाही.

असो. वाचता वाचता दुसरी एक हकीकत सापडली, तीही सांगते. मुंबईत केकू गांधी यांनी १९४१ साली केमोल्ड नावाने फ्रेमचा धंदा सुरू केला. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या शोरूममध्ये फ्रेम दाखवायच्या तर आत काहीतरी हवं, तिथे ते तरुण चित्रकारांची चित्रं लावू लागले. हुसेन, आरा, हेब्बर ही तेव्हा मोठी नावं नव्हती. १९६३ साली जहांगीर आर्ट गॅलरीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांनी गॅलरी केमोल्ड काढली. म्हणजे तिथे चित्रांना चौकटींनी सांभाळलं. यातले कृ. हो. आरा तर लहानपणी घरातून निघून मुंबईला आलेले, लोकांच्या घरी गडी म्हणून राबलेले. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह गटाच्या स्थापनेत ते होते. त्यांनी जन्मभर काय रंगवलं? फुलदाण्या! साध्या भांड्यात ठेवलेली फुलं. ती विकलीही गेली. माझ्या विद्यार्थिनीच्या दुकानात दाराच्या अलीकडे जे आहे, तेच त्यांनी दाराच्या पलीकडे नेलं.

एवढं सगळं वहीत उतरवून मी तिच्याकडे गेले ती नवरात्रात. पुतण्या गाडी घेऊन आला होता, म्हणून आधी कार्ल्याला गेलो. एकवीरेच्या पायऱ्या आता गुडघ्यांना झेपत नाहीत, तेव्हा मी खाली हार-नारळवाल्यांच्या दुकानापाशी बसले आणि मंडळी वर गेली. झेंडूचे ढीग, वेण्या, कमळं. बसल्या बसल्या आठवलं ते वरच्या लेण्यातल्या शिलालेखांचं. कार्ल्याचं चैत्यगृह हे देशातलं सगळ्यात मोठं, दोन हजार वर्षांपूर्वीचं. ते एका राजाने कोरवलेलं नाही. खांब, दारं, मूर्ती यांचं दान कुणी कुणी केलं ते तिथेच ब्राह्मी लिपीत कोरलेलं आहे. त्यात धेनुकाकट गावच्या एकाने दाराचं दान दिलं आहे, त्याचं नाव सिंहदत्त आणि धंदा गांधिकाचा, म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणाऱ्याचा. हा लेख मी विद्यार्थ्यांना सहलीत दरवर्षी दाखवायचे. माझी ही विद्यार्थिनीही त्या सहलीला होती. "सुवास विकणाऱ्या माणसाने हे दार दिलं" असं मीच तिला सांगितलेलं, आणि श्रावणात तिने प्रश्न विचारला तेव्हा मलाच ते आठवलं नाही!

दुकानात गेले तर नवरात्राची गर्दी. ती झेंडू तोलत होती, नवरा पैसे घेत होता. अर्ध्या तासाने जरा उसंत मिळाली तशी मी वही पुढे केली. तिने उभ्या उभ्या वाचली. रविवर्म्याने छापखाना विकला त्या पानावर थांबली, मग पुढची पानं वाचली आणि नवऱ्याला हाक मारून श्लायशरच्या लेबलांचं पान दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे लेबलं आपण आणि लक्ष्मी ही." ती म्हणाली, "तसं समज."

कोल्ड रूमचं काय झालं? ती होणार आहे. पण मागच्या अंगणात पत्रा टाकून, आणि दिवाळीनंतर. आतली खोली निदान पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहील. पुढे काय ते धंदा ठरवेल. तिने मार्गशीर्षात मावळातल्या छापील चित्रांचं एक छोटं प्रदर्शन करायचं ठरवलं आहे. गावातल्या जुन्या घरांमध्ये पडून असलेली आणून, विकायची नाहीत, फक्त लावायची. तुमच्यापैकी कुणाकडे, माळ्यावर किंवा ट्रंकेत, असं एखादं असेल तर कृपा करून नदीत सोडू नका. खालच्या कडेला बारीक अक्षरं आहेत का तेवढं बघा.

तिला जुन्या फ्रेमा कमी पडताहेत. परवा मी माझं प्रमाणपत्र बाहेर काढलं, त्याच्या पाठीलाही आता बुरशीचे ठिपके आहेत. फ्रेम पुसून, तेलाचा हात देऊन तिच्याकडे पाठवली. काल तिचा फोन आला. जे चित्र तिला मिळालंय ते दोन बोटं लहान आहे, पण माउंट घालून बसेल म्हणाली. आणि निशिगंध चांगला आलाय, गुरुवारसाठी काढून ठेवू का, असं विचारत होती.